जुन्या घराची दुरुस्ती: माळवद पाडून स्लॅब टाकावा, की उकाडा आणि वीजबिल दोन्ही कमी करणारा दुसरा मार्ग आहे?

बार्शीकर (१६ फेब्रुवारी २०२५)

सर्व जाणकारांना नमस्कार.

आमचे घर सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे आहे आणि ते एकाच आवारात दोन वेगवेगळ्या काळांत बांधलेले आहे. पुढचा भाग वडिलांनी १९९१ मध्ये बांधला. त्याच्या भिंती नऊ इंची विटांच्या आहेत, वर पाच इंची स्लॅब आहे आणि क्षेत्रफळ सुमारे ९०० चौरस फूट आहे. मागे पणजोबांच्या वेळच्या दोन खोल्या आहेत. त्यांच्या भिंती दगडमातीच्या, जवळजवळ दोन हात रुंद आहेत आणि वर सागवानी तुळया, कडीपाट व त्यावर माळवद, म्हणजे चोपलेल्या मातीचे सपाट छत, आहे. माळवद गेल्या दोन पावसाळ्यांत एका कोपऱ्यात गळले, म्हणून दुरुस्तीचा विषय निघाला.

ज्या ठेकेदारांना आम्ही घर दाखवले, त्यांचा सल्ला असा आहे की मागच्या दोन्ही खोल्या पाडून तेथेही स्लॅब टाकावा, सगळ्या घराला खालून पीओपीचे छत करावे, दीड टनाचे दोन एसी बसवावेत आणि बिल वाढू नये म्हणून गच्चीवर ५ किलोवॅटचे सोलर लावावे. एकूण अंदाज १४ लाखांचा आहे. आमच्याजवळ ५ लाख आहेत, बाकीचे कर्ज काढावे लागेल. घरात आम्ही पाच माणसे आहोत. हिवाळ्यात महिन्याला १८० युनिटांच्या आसपास वीज लागते, एप्रिल आणि मे महिन्यांत ती ३८० ते ४०० युनिटांवर जाते.

माझी अडचण निव्वळ पैशांची नाही. आईचे वय ७४ आहे. मार्च संपला की ती आपले अंथरूण मागच्या खोलीत नेते आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत पुढे झोपत नाही. गेल्या मे महिन्यात मी दोन्हीकडे साधा तापमापक टांगून ठेवला होता. रात्री दहा वाजता पुढच्या हॉलमध्ये ३७ अंश होते आणि आईच्या खोलीत ३२. हॉलमध्ये स्टुलावर उभे राहून स्लॅबला तळवा लावला, तर तो नुकत्याच उतरवलेल्या तव्याच्या कडेसारखा लागत होता. जी खोली विजेशिवाय थंड राहते ती पाडायची, जी तापते तिच्यासारखी दुसरी बांधायची आणि मग दोन्ही थंड करायला यंत्रे आणायची, हे मला पटत नाही. मात्र माझे न पटणे हे केवळ जुन्या घरावरच्या मायेपोटी आहे की त्याला खरोखर आधार आहे, हे मला ठरवता येत नाही. कमी विजेत, कमी पाण्यात आणि शक्य तितके कमी सिमेंट वापरून हे घर नीट करायचे असेल, तर पैसा आधी कोठे लावावा?

चुना_आणि_वीट (१६ फेब्रुवारी २०२५)

नमस्कार. मी वास्तुविशारद आहे आणि पुण्यात राहून प्रामुख्याने जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामे करते. आपल्या न पटण्याला भक्कम आधार आहे.

आपल्या अक्षांशावर मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. त्याचा घराच्या दृष्टीने अर्थ असा की त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही, पूर्व आणि पश्चिम भिंतींवर ते सकाळ-संध्याकाळ पडते, आणि छतावर मात्र सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत सतत पडत राहते. बैठ्या घरात उन्हाळ्याच्या उष्णतेचा सर्वांत मोठा वाटा छतातून येतो तो यामुळे. म्हणून पहिला रुपया छतावर खर्च करावा, दुसरा पश्चिमेच्या भिंतीवर आणि खिडक्यांवर, आणि यंत्रांचा विचार त्यानंतर करावा.

आता दोन छतांतील फरक पाहा. काँक्रीटमधून उष्णता सहज वाहते आणि पाच इंचांचा थर ती फार वेळ अडवून धरू शकत नाही. दुपारी दीड-दोन वाजता तापलेला स्लॅब तीन ते चार तासांत आतल्या बाजूने पुरता तापतो आणि मग ती उष्णता रात्रभर खाली सोडत राहतो, म्हणजे नेमकी माणसे झोपायला येतात तेव्हा. माळवदाचा जाड मातीचा थर हीच लाट दहा-बारा तास रोखून धरतो. ती आत पोहोचते तेव्हा पहाट झालेली असते, बाहेरची हवा गार असते, आणि तोवर तिचा जोरही ओसरलेला असतो. आपल्या आईंना हे अनुभवाने ठाऊक आहे आणि आपल्या तापमापकाने तेच दाखवले.

पीओपीच्या छताविषयी स्पष्ट सांगते, कारण यात फसगत फार होते. ऊन अडवायचे ते स्लॅबच्या वर, खाली नव्हे. खालून छत केल्याने स्लॅब तापायचा तेवढा तापतोच, फक्त ती उष्णता मधल्या पोकळीत कोंडते, खोलीची उंची कमी होते आणि पंख्याला हवा ओढायला जागा राहत नाही. शिवाय रोज तापून फुगणाऱ्या आणि रात्री आकसणाऱ्या स्लॅबला भेगा पडतात, त्याच भेगांतून पुढे गळती सुरू होते. वरून संरक्षण दिले तर स्लॅबचे आयुष्यही वाढते.

वरच्या संरक्षणाचे दोन टप्पे असतात. स्वस्त टप्पा म्हणजे पांढरा पृष्ठभाग: चुना, उष्णता परावर्तित करणारा रंग किंवा फुटक्या पांढऱ्या फरशांचे चायना मोझॅक. उघडे, काळवंडलेले सिमेंट मे महिन्यात ६० अंशांपर्यंत तापते, स्वच्छ पांढरे छत त्यापेक्षा पुष्कळ थंड राहते. दुसरा टप्पा उष्णतारोधक थराचा. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता काढली. तिच्यात छतातून होणाऱ्या उष्णतावहनाची कमाल मर्यादा दर चौरस मीटरला, दर अंशाला १.२ वॅट ठेवली आहे. उघडा स्लॅब या मर्यादेच्या जवळपासही येत नाही, पण त्यावर एक्सपीएस या दाट फोमच्या पत्र्यांचा एक इंचाचा थर दिला तरी ती गाठता येते. दोन इंच दिले तर उत्तमच. त्यावर जाळी घालून पातळ काँक्रीट आणि शेवटी चायना मोझॅक करावे. आपल्याकडे सर्रास टाकतात तो विटांच्या तुकड्यांचा कोबा चार इंचांचा असला, तर दर चौरस मीटरला दीडशे किलोहून अधिक वजन स्लॅबवर चढते. चौतीस वर्षांच्या स्लॅबवर ते चढवण्यापूर्वी एखाद्या संरचना अभियंत्याला स्लॅब दाखवून घ्या.

मागच्या खोल्या पाडू नका. एक टन सिमेंट तयार होताना अर्ध्या टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण भट्टीला इंधन लागते आणि चुनखडी भाजतानाही तो वायू सुटतो. पर्यावरणाचा विचार करता जे घर आधीच उभे आहे, ते टिकवण्यासारखे दुसरे काम नाही.

सोलापूरची_गच्ची (१७ फेब्रुवारी २०२५)

दादा, मी सोलापुरात राहते. तीन वर्षांपूर्वी याच वाटेने गेले आणि माझ्याकडून जी चूक झाली ती आपल्याकडून होऊ नये, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमच्याकडे एका कंपनीचा माणूस येऊन गच्चीला उष्णतारोधक रंगाचे तीन हात देऊन गेला. दहा वर्षांची हमी दिली होती. आमचा स्लॅब आधीपासून एका बाजूने झिरपत होता, हे त्यालाही दिसत होते आणि आम्हालाही ठाऊक होते, पण रंग जलरोधकही आहे असे त्याने सांगितले आणि आम्ही विश्वास ठेवला. पहिला उन्हाळा चांगला गेला. पावसाळ्यात भेगांतून पाणी रंगाच्या खाली शिरले आणि रंगाला बाहेरून फुगे आले. पुढच्या मार्चमध्ये तो पापडासारखा सुटून निघू लागला. हमीचा कागद दाखवला, तर मूळ छत सदोष असल्याचे कारण सांगून त्यांनी हात वर केले. ३५ हजार रुपये गेले. म्हणून कळकळीने सांगते, आधी गळती, मग रंग. भेगा उघडून, साफ करून, भरून घ्याव्यात, पन्हाळाकडे उतार आहे की नाही हे बादलीभर पाणी ओतून पाहावे आणि मगच वर काही चढवावे.

आता आम्ही दर वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी चुनाच लावतो. बाजारातून कळीचा चुना आणायचा, लोखंडी पिंपात पाणी घेऊन त्यात थोडा थोडा सोडायचा आणि दोन दिवस मुरू द्यायचा. चुना फोडताना पाणी अक्षरशः उकळते, त्यामुळे लहान मुलांना लांब ठेवावे, आणि डोळ्यांवर चष्मा व हातांत रबरी मोजे असल्याशिवाय पिंपाजवळ जाऊ नये. मुरलेला चुना जाड कापडातून गाळून त्यात लाकडाला लावतात तो पांढरा गोंद मिसळायचा आणि गच्ची खराट्याने घासून, धुऊन, किंचित ओली असतानाच ऊन उतरल्यावर लावायचा. भर उन्हात लावलेला चुना लगेच वाळतो आणि मग पायाला लागून निघतो. पहिला हात वाळल्यावर दुसरा आडवा द्यायचा. आमच्या हजार फुटांच्या गच्चीला दोन मजुरांचा एक दिवस आणि दोन-अडीच हजारांचे साहित्य लागते. संध्याकाळी भिंतीला टेकून बसता येऊ लागले, इतका फरक आम्हाला पडला.

एक गोष्ट मात्र करू नका. गच्ची गार करण्यासाठी संध्याकाळी पाणी मारण्याची पद्धत आमच्या गल्लीत आहे. जेथे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, तेथे ते सिमेंटवर ओतलेले पाहून जीव तुटतो.

निवृत्त_अभियंता_लातूर (१७ फेब्रुवारी २०२५)

बार्शीकर साहेब, मी वीज वितरणात ३१ वर्षे नोकरी केली. घरबांधणी हा माझा विषय नाही, म्हणून मी फक्त विजेविषयी लिहितो.

आपल्या बिलावरून असे दिसते की वर्षाला सुमारे ३,००० युनिट, म्हणजे महिन्याला सरासरी २५० युनिट लागतात. गच्चीवरील १ किलोवॅट सौर संच आपल्या भागात दिवसाला साधारण ४ युनिट देतो. म्हणजे २ किलोवॅटमध्ये महिन्याला २४० युनिट होतात आणि आपली आजची गरज जवळजवळ भागते. ५ किलोवॅट लावले तर ६०० युनिट तयार होतील. नेट मीटरमध्ये (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरमध्ये) जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात हे खरे, परंतु ३१ मार्चला जे उरतात त्यांना मिळणारा दर आपण भरतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. वीज विकून पैसे मिळवण्याच्या आशेने मोठा संच लावणे घरगुती ग्राहकाला परवडत नाही. पीएम सूर्यघर योजनेतील अनुदान पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असे जास्तीत जास्त ७८ हजार आहे. ३ किलोवॅटच्या पुढे कितीही मोठा संच घेतला तरी अनुदान तेवढेच राहते. ते संच सुरू झाल्यावर बँक खात्यात जमा होते, त्यामुळे सुरुवातीची रक्कम स्वतः उभी करावी लागते किंवा बँकेचे कर्ज घ्यावे लागते.

परंतु त्याआधी पंखे बदला. जुना छताचा पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या मोटरचा पंखा, ३० च्या आसपास घेतो. पाच पंखे रोज बारा तास चालले तर महिन्याला ८० युनिट वाचतात. पाच पंख्यांना पंधरा हजारांच्या आसपास खर्च येईल, आणि तेवढेच युनिट सौर संचातून मिळवायला पाऊण किलोवॅट जास्त बसवावा लागेल. न लागणारे युनिट तयार होणाऱ्या युनिटापेक्षा नेहमीच स्वस्त पडते, आणि हे सांगताना मी नोकरीतील सगळा अनुभव पणाला लावायला तयार आहे.

एसीविषयी म्हणाल, तर दीड टनाचा चांगला पंचतारांकित एसीसुद्धा तापलेल्या खोलीत तासाला एक युनिटाच्या आसपास घेतो. दोन एसी आठ तास चालवले तर उन्हाळ्याच्या महिन्यात ४०० युनिटांहून अधिक भर पडेल आणि आपण ५०० युनिटांच्या वरच्या, सर्वांत महाग टप्प्यात जाल. आईंच्या वयाचा विचार करून पुढच्या एका खोलीत एक एसी ठेवण्यात गैर काही नाही, मात्र तो छताचे काम झाल्यावर घ्यावा आणि २६ अंशांवर पंख्यासह चालवावा. तापमान एक अंशाने वाढवले तर साधारण ६ टक्के वीज वाचते. तोपर्यंत कूलर पुरेल. बार्शीची एप्रिल-मेची हवा कोरडी असते, म्हणून तेथे तो उत्तम काम करतो. फक्त समोरची खिडकी उघडी ठेवावी, बंद खोलीत कूलर लावला की दमटपणा साचतो आणि लोक कूलरला दोष देतात.

एक व्यावहारिक सूचना. छताचे काम पूर्ण होईपर्यंत सौर पॅनेल बसवू नका. पॅनेल पंचवीस वर्षे जागचे हलत नाहीत, आणि पुढे स्लॅबची दुरुस्ती निघाली तर ते उतरवून पुन्हा चढवण्याचा खर्च सोसावा लागतो. पॅनेलचे पाय रोवण्यासाठी तयार छताला भोके पाडू देऊ नका, आधीच छोटे काँक्रीटचे ओटे करून घ्या. आणि हे लक्षात असू द्या की बॅटरी नसलेला संच बाहेरची वीज गेली की स्वतःही बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलटा प्रवाह लागू नये म्हणून ती व्यवस्था असते. अनेक ग्राहक संच बिघडला म्हणून आमच्याकडे तक्रार घेऊन यायचे.

देशातील विजेच्या एका युनिटामागे आजही सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आपण वर्षाला हजार युनिट वाचवले, तर ते सात क्विंटल होतात.

धाराशिवकर (१८ फेब्रुवारी २०२५)

वरील सर्वांचा आदर राखून वेगळे मत मांडतो.

माळवदाचे कौतुक ज्यांना करायचे ते करोत, पण त्याखाली मी लहानाचा मोठा झालो आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आमच्या गावाला फारशी झळ बसली नाही, पण वडील दुसऱ्या दिवशी मदतीला गेले आणि परत आल्यावर कित्येक दिवस नीट जेवले नाहीत. हजारो माणसे दगडमातीच्या भिंती आणि वरच्या मातीखाली गाडली गेली. पिढ्यान्पिढ्या दर पावसाळ्यापूर्वी वर नवी माती टाकत गेल्याने काही माळवदे दोन-दोन फूट जाड झाली होती. त्या रात्रीनंतर आमच्या भागातील लोकांनी माळवदाखाली झोपणे सोडले, कित्येक वर्षे लोक अंगणात पत्र्याच्या खोपीत झोपत होते. थंडावा मलाही हवा आहे, परंतु ७४ वर्षांची आई ज्या छताखाली झोपते त्याचा पहिला प्रश्न थंडाव्याचा नसून भाराचा आहे, आणि वरच्या एकाही उत्तरात तो आलेला नाही.

दुसरी गोष्ट, आज ती खारी माती आणून, चोपून, पन्हाळ्या साफ करून देणारी माणसे कोठे आहेत? आमच्याकडे शेवटची माती टाकली ती माझ्या आजोबांनी.

बार्शीकर (१९ फेब्रुवारी २०२५)

सर्वांचे मनापासून आभार. धाराशिवकर यांचा मजकूर वाचून मी काल शिडी लावून माळवदावर चढलो आणि गळणाऱ्या कोपऱ्याजवळ लोखंडी गजाने खणून पाहिले. माती एकवीस इंच निघाली. पट्टी टेकवून तीन ठिकाणी मोजले, कोठेही अठरा इंचांच्या खाली नाही. इतक्या वर्षांचे ओझे डोक्यावर आहे याची आम्हाला कल्पनाही नव्हती. तुळया भिंतीत घुसवलेल्या आहेत, शिवाय प्रत्येक खोलीत चार सागवानी खांब आहेत आणि मधली तुळई त्यांच्यावर तोललेली दिसते. एका तुळईच्या टोकाशी वाळवीचे घर होते.

चुना_आणि_वीट ताई, या माहितीवरून आपले मत बदलते का? आणि पावसाच्या पाण्याचे काही करता येईल का, हेही सांगावे.

चुना_आणि_वीट (२० फेब्रुवारी २०२५)

धाराशिवकर यांचा मुद्दा पूर्णपणे बरोबर आहे आणि तो मी पहिल्याच उत्तरात मांडायला हवा होता. भाराचा विचार न करता माळवद टिकवण्याचा सल्ला देणे चुकीचे होते. माझे मत बदलते, मात्र पाडण्याच्या बाजूने नव्हे.

आपण सांगता त्या एकवीस इंच मातीचे वजन दर चौरस मीटरला आठशे किलोंच्या पुढे जाते. भूकंपात छत जितके जड तितका भिंतींवरचा आडवा धक्का मोठा. किल्लारीनंतर त्या भागातील उभ्या राहिलेल्या घरांच्या मजबुतीकरणासाठी जे उपाय सुचवले गेले, त्यांत पहिला हाच होता: छतावरची जादा माती उतरवून ती साधारण आठ इंचांवर आणावी. दुसरा उपाय भिंतींचा. दगडमातीच्या रुंद भिंतीत बहुतेकदा आतला आणि बाहेरचा असे दोन वेगळे थर असतात आणि मध्ये भर घातलेली असते. धक्का बसला की हे थर एकमेकांपासून सुटून पोट फुगल्यासारखे बाहेर येतात. म्हणून भिंतीच्या आरपार जाणारे जोडदगड, किंवा त्यांच्या जागी सळई घातलेले काँक्रीटचे छोटे ठोकळे, ठरावीक अंतरावर बसवतात आणि वरच्या बाजूने सगळ्या खोलीला बांधून ठेवणारा पट्टा घालतात. तिसरा उपाय खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरकस लाकडी टेकू देण्याचा. आपल्याकडे खांब आहेत ही फार जमेची बाजू आहे, कारण छत खांबांवर नीट तोललेले असेल तर भिंतीचा काही भाग ढासळला तरी ते उभे राहण्याची शक्यता वाढते. ही सगळी कामे अशा घरांचा अनुभव असलेल्या संरचना अभियंत्याच्या देखरेखीखालीच करावीत, आणि ती होईपर्यंत आईंचे अंथरूण कृपया पुढच्या खोलीतच राहू द्यावे. त्या मागे जातात तो मार्च संपेपर्यंत आपल्याला पाच-साडेपाच आठवडे मिळतात.

माती उतरवताना एका बाजूने सगळी उतरवू नका. दोन्ही बाजूंनी सारखी, पाटी पाटी करून उतरवा, नाहीतर भार एकीकडे कलतो. आठ इंच मातीने पूर्वीइतका थंडावा मिळणार नाही, म्हणून वर दोन-अडीच फूट अंतर सोडून हलक्या पांढऱ्या पत्र्याची उतरती सावली करावी. पत्रा आणि माती यांच्यामधून वारा वाहता राहिला पाहिजे, कडा बंद करू नयेत. ऊन पत्र्यावर अडते, गरम हवा मधून निघून जाते आणि माती सावलीत राहते. पाऊसही मातीपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे दर वर्षी माती टाकण्याची गरज उरत नाही. माणसे मिळत नाहीत या अडचणीवर मला तरी याहून चांगला उपाय दिसत नाही. पत्र्याचे पाय मात्र माळवदावर न टेकवता भिंतीबाहेर जमिनीतून उभे करावेत आणि वादळी वाऱ्यासाठी पक्के जखडावेत.

तुळयांची तपासणी सुतारासोबत करा. दाभण किंवा बारीक पेचकस तुळईत, विशेषतः भिंतीत शिरणाऱ्या टोकाशी, जोर देऊन टोचावा. निरोगी सागात टोक जेमतेम रुतते, पोखरलेल्या लाकडात ते सरळ आत जाते. फक्त टोकच खराब असेल तर तेवढे कापून नवा तुकडा सांधता येतो, संपूर्ण तुळई बदलण्याची गरज नसते. भिंतींना आतून किंवा बाहेरून सिमेंटचा गिलावा मुळीच करू नका, कारण मातीची भिंत ओल शोषते आणि सोडते. सिमेंटने तिचा श्वास कोंडतो, ओल आतच राहते आणि गिलावा पोपडे धरून पडतो. चुन्याचा गिलावा करावा. उतरवलेली पांढरी माती टाकून देऊ नका, भिंतींच्या डागडुजीला तीच लागेल.

पाण्याचे गणित सोपे आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आपला स्लॅब ८४ चौरस मीटर आणि जिल्ह्याचा पाऊस सुमारे ५५० मिलिमीटर धरला, तर थोडी गळती-बाष्पीभवन वजा जाता वर्षाला ३५ हजार लिटरहून अधिक पाणी मिळते. पत्र्यावरचे त्यात वेगळे मिळवा. पहिल्या दोन पावसांचे पाणी सोडून द्यावे, नंतरचे गाळून टाकीत घ्यावे आणि उरलेले बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडावे. चुना लावलेल्या गच्चीचे पाणी पिण्यासाठी न वापरता धुण्याभांड्यांना, झाडांना वापरावे.

पश्चिमेच्या खिडक्यांना आतून जाड पडदे लावण्यापेक्षा बाहेरून बांबूच्या पट्ट्यांचा पडदा किंवा वेल चढवलेली जाळी लावावी, कारण काचेतून ऊन एकदा आत आले की पडदा ते बाहेर घालवू शकत नाही.

बार्शीकर (२३ फेब्रुवारी २०२५)

काल घरात सगळे एकत्र बसलो. धाकट्या भावाने हे सगळे मजकूर मोठ्याने वाचून दाखवले. पाडण्याचा आग्रह त्याचाच अधिक होता, आता तोच माती उतरवण्यासाठी माणसे शोधतो आहे. सोलापुरातील एका संरचना अभियंत्याशी बोलणे झाले आहे, ते गुरुवारी येऊन भिंती आणि स्लॅब दोन्ही पाहणार आहेत. त्यांचा अहवाल आला की मागच्या खोल्यांचे मजबुतीकरण आधी, त्याबरोबर पुढच्या स्लॅबच्या भेगा आणि चुना, मग पंखे, असा क्रम धरला आहे. एक्सपीएसचा थर यंदाच्या पैशात बसला तर याच वर्षी, नाहीतर पुढच्या वर्षी, आणि त्यानंतर २ किलोवॅटचे सोलर. कर्ज सध्या काढणार नाही.

दाभण घेऊन सुतारकाकांसोबत सात तुळया तपासल्या. सहा उत्तम आहेत. वाळवी लागलेल्या तुळईत दाभण चार बोटे आत गेले, पण टोकापासून दीड फुटानंतर लाकूड टणक लागले. सांधा कसा करावा याविषयी सुतारकाका म्हणतात की लोखंडी पट्ट्या बोल्टने आवळून काम होईल. ताई, पट्ट्या दोन्ही बाजूंनी घ्यायच्या की खालूनही एक द्यायची, एवढे अभियंते येण्यापूर्वी सांगितलेत तर त्यांच्याशी नीट बोलता येईल. आई पुढच्याच खोलीत झोपते आहे. खिडकी उघडी ठेवून अजून चालते आहे.

चुना_आणि_वीट (२३ फेब्रुवारी २०२५)

दोन्ही बाजूंनी घ्या आणि सांध्याच्या अलीकडे-पलीकडे निरोगी लाकडावर किमान दीड-दीड फूट येतील इतक्या लांब घ्या. खालून द्यायची की नाही हे तुळईची जाडी आणि गाळा (दोन आधारांमधील अंतर) पाहून अभियंतेच ठरवतील. सांधताना तुळईला खालून दोन ठिकाणी जॅकचा आधार द्या आणि तो काम पूर्ण झाल्यावर एकदम न काढता हळूहळू सैल करा. नवा तुकडा जुन्याच सागाचा मिळाला तर उत्तम. जुन्या वाड्यांचे लाकूड विकणाऱ्या वखारींत तो मिळतो, आणि वाळलेला असल्याने पुढे आकसत नाही. भिंतीत जाणाऱ्या टोकाभोवती बोटभर पोकळी ठेवून हवा खेळती राहू द्या, ओल धरली की वाळवी त्याच जागी परत येते.

तुळयांचे फोटो काढलेत तर येथे टाका, टोकांचे जवळून घेतलेले.